दोन कॅमेऱ्यांच्या कात्रीत सापडलात? 'कमी-जास्त' सोडा, 'आहे-नाही' बघा

पहिला मिररलेस (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा कॅमेरा) घ्यायचा म्हटलं की सगळ्यांचं एकच होतं, दहा-बारा मॉडेल चाळून शेवटी दोन उरतात आणि मग तिथेच गाडी अडते. रात्री दीड वाजता दोन्हींचे स्पेसिफिकेशन शेजारी-शेजारी उघडून बसायचं, एकाचे मेगापिक्सेल जास्त, दुसऱ्याचा स्पीड जास्त, परत पहिल्याचं वजन कमी, आणि सकाळी उठलं की डोकं परत कोरं. मी यात अख्खा महिना घालवलाय आणि तरी चुकीचा कॅमेरा घेतला, म्हणून हे लिहितोय.

माझी चूक साधी होती. फोकस पॉइंट किती, सेकंदाला फोटो किती, हे सगळं मी कोळून प्यायलो होतो पण त्या कॅमेऱ्याला व्ह्यूफाइंडरच (डोळा लावून बघायची खिडकी) नाहीये ही गोष्ट मी 'ठीके, स्क्रीन आहे ना' म्हणून सोडून दिली. मग भर दुपारच्या उन्हात पहिल्यांदा बाहेर काढला तर स्क्रीनवर मला फक्त माझं स्वतःचं तोंड दिसत होतं. दिवसभर अंदाजाने फोटो काढले, घरी येऊन बघतो तर निम्मे पांढरेफटक.

तेव्हापासून माझी पद्धत एकच आहे. तुलनेच्या तक्त्यात दोन प्रकारचे फरक असतात, एक 'कमी-जास्त'वाला आणि एक 'आहे-नाही'वाला. २० मेगापिक्सेल की २४, हा कमी-जास्त. व्ह्यूफाइंडर, हेडफोनचं होल, टचस्क्रीन, हे आहे-नाही. नवशिक्यांच्या रेंजमध्ये कमी-जास्तवाले फरक फोटोत जवळजवळ दिसतच नाहीत, आणि आहे-नाहीवाला एखादा फरक मात्र रोज टोचतो. त्यामुळे आधी कागद घ्या आणि फक्त आहे-नाही लिहून काढा.

उदाहरण घेऊनच बोलू, नाहीतर हे सगळं हवेत राहील. कॅनन ईओएस आर५० आणि सोनी झेडव्ही-ई१०. पहिला २०२३ चा, दुसरा २०२१ चा, आणि भरपूर लोक या दोघांत अडकतात. दोन्हींचा सेन्सर एपीएस-सी (जुन्या फिल्मच्या फ्रेमपेक्षा लहान आकाराचा), दोन्ही २४.२ मेगापिक्सेल, दोन्हींची स्क्रीन बाजूला उघडून पुढे वळते, दोन्हींच्या बॉडीत हाताची थरथर सावरणारं स्टॅबिलायझेशन नाही, दोन्हींना कार्डचा एकच स्लॉट. वजन बॅटरी-कार्ड धरून ३७५ ग्रॅम आणि ३४३ ग्रॅम, म्हणजे फरक ३२ ग्रॅमचा, तो विसरा.

आता आहे-नाही. आर५० ला व्ह्यूफाइंडर आहे, झेडव्ही-ई१० ला नाही. आर५० ला छोटा फ्लॅश आहे, सोनीला नाही. सोनीला हेडफोन लावायची सोय आहे, कॅननला नाही, माइक मात्र दोघांनाही लागतो. कॅनन ४के व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमला सेन्सरची पूर्ण रुंदी वापरून काढतो, सोनी ३० फ्रेमला १.२३ पट क्रॉप करतो, म्हणजे कडा कापतो (२४ फ्रेमला नाही करत). आणि एक बारीक भानगड जी कुणी सांगत नाही, आर५० च्या वरच्या हॉटशूवर (फ्लॅश बसवायच्या खाचेत) जुन्या पद्धतीचे कॉन्टॅक्ट नाहीत, त्यामुळे आधीचा फ्लॅश लावायचा तर कॅननचा एडी-ई१ अडॅप्टर लागतो. कुणाकडून फ्लॅश मागून आणायचा प्लॅन असेल तर हे आधीच माहीत असलेलं बरं.

बघा, पाच ओळींत चित्र स्पष्ट झालं की नाही? फोटो जास्त काढणार, बाहेर उन्हात काढणार तर कॅनन. तिपाईवर ठेवून कॅमेऱ्याशी बोलत व्हिडिओ करणार, आवाज कानात ऐकत रेकॉर्ड करणार तर सोनी. मेगापिक्सेलचा यात संबंधच आला नाही.

नाव सारखं म्हणून फसू नका हेही इथेच सांगतो. आर५० आणि आर१०० एकाच वर्षी आले, दिसायला भाऊ-भाऊ, सेन्सरचा आकडाही जवळपास तोच. पण आर१०० ची स्क्रीन जागची हलत नाही आणि तिला टचही नाही, आणि ४के व्हिडिओत क्रॉप तर होतोच वर कॅननचं ते नावाजलेलं ड्युअल पिक्सेल फोकसही (सेन्सरवरूनच होणारा झटपट ऑटोफोकस) बंद पडतं. फोनवरून आलेला माणूस आपोआप स्क्रीनवर बोट लावतो आणि काहीच होत नाही, त्याची चिडचिड विचारू नका.

आता कमी-जास्तवाल्या आकड्यांचं बघू, कारण कितीही सांगितलं तरी लोक ते बघणारच.

मेगापिक्सेल. निकॉन झेड५० चे २०.९ आणि आर५० चे २४.२. ऐकायला मोठा फरक. पण फोटोची रुंदी पिक्सेलमध्ये बघितली तर ५५६८ आणि ६०००, म्हणजे जेमतेम आठ टक्के. इंचाला ३०० पिक्सेलने प्रिंट काढलीत तर एक साडेअठरा इंच रुंद होईल, एक वीस इंच. सोडून द्या.

बॅटरीच्या आकड्यात तर गंमतच आहे. 'एवढे शॉट' असं जे लिहिलेलं असतं ते सीपा नावाच्या जपानी संस्थेच्या ठरलेल्या चाचणीवरून येतं, आणि त्या चाचणीत ज्या कॅमेऱ्याला स्वतःचा फ्लॅश आहे त्याचा फ्लॅश दर दुसऱ्या शॉटला उडवतात. मग फ्लॅशवाला आणि बिनफ्लॅशवाला यांचे आकडे समोरासमोर ठेवून काय कळणार? प्रत्यक्षात फ्लॅश न वापरता सलग फोटो काढलेत तर छापलेल्या आकड्यापेक्षा बरेच जास्त निघतात आणि व्हिडिओ काढलात तर तासाभरात जीव जातो. दोन्हीपैकी काहीही घ्या, एक जादा बॅटरी हिशोबात धराच.

सेकंदाला फोटो किती, हे पक्षी आणि खेळ काढणाऱ्यांसाठी. तुम्ही त्यातले असाल तर तुम्हाला आधीच माहितीये, नसाल तर पुढे चला.

फक्त शटरकडे एकदा लक्ष द्या, कारण हा पुन्हा आहे-नाहीचा मामला आहे. काही नव्या मॉडेलमधून मेकॅनिकल शटर काढूनच टाकलंय, झेडव्ही-ई१० चं २०२४ मध्ये आलेलं दुसरं व्हर्जन त्यातलंच. इलेक्ट्रॉनिक शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं, त्यामुळे काही एलईडी दिव्यांखाली फोटोवर आडवे पट्टे येतात आणि जोरात हलणारी वस्तू तिरकी होते. हॉलमधले, स्टेजवरचे कार्यक्रम काढायचे असतील तर हे आधी बघा.

आता लेन्स. खरं म्हणजे इथूनच सुरुवात करायला पाहिजे होती पण लेन्स म्हटलं की नवीन माणूस पान उलटतो.

सोबत येणारी किट लेन्स घ्या. कॅननची १८-४५, सोनीची १६-५० (हे मिलीमीटर, आकडा लहान तेवढं दृश्य रुंद). तुम्ही म्हणाल सोनी जास्त रुंद दिसणार, १६ कुठे आणि १८ कुठे. फोटोत बरोबर आहे. कॅननला १.६ ने गुणायचं आणि सोनीला १.५ ने, म्हणजे फुलफ्रेमच्या (जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या) हिशोबात कॅनन २९ च्या आसपास आणि सोनी २४. चांगला दिसण्याइतका फरक आहे हा, लहान खोलीत तर नक्कीच. पण तीच सोनी ४के ३० फ्रेमला लावा, १.२३ चा क्रॉप वर चढला की २४ चे होतात साडेएकोणतीस. झालं, फायदा गेला, दोघं एकाच रांगेत. आणि वर इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझेशन चालू केलंत तर दोन्ही कॅमेरे अजून कापतात, मग हात लांब करून स्वतःचा व्हिडिओ काढताना फ्रेममध्ये नुसतं तोंडच. चालत बोलायचं असेल तर दोघांनाही वेगळी रुंद लेन्स लागणार, कॅननला १०-१८, सोनीला १०-२०, आणि तो खर्च बॉडीच्या तुलनेतच धरा, नंतरचा म्हणून नको.

उजेडाचं पण तसंच. लांबच्या टोकाला कॅननची किट लेन्स एफ/६.३ पर्यंतच उघडते, सोनीची एफ/५.६ पर्यंत (आकडा लहान तेवढा उजेड जास्त), लोक यावर भांडतात. फरक आहे एक तृतीयांश स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). उलट दोन्हींपैकी कुणालाही साधी एफ/१.८ ची प्राइम (झूम नसलेली लेन्स) लावलीत तर एफ/६.३ च्या बारापट उजेड आत येतो, म्हणजे जिथे आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार) ६४०० लागत होतं तिथे ५००-५५० मध्ये काम होतं. घरातल्या ट्यूबलाइटमध्ये लहान मुलांचे फोटो काढायचे असतील तर ही एक लेन्स तुमचा कॅमेरा बदलून टाकेल, बॉडी कुठलीही असो.

म्हणून तुलना करताना बॉडी विरुद्ध बॉडी असं करू नका. बॉडी, किट लेन्स, आणि वर्षभरात घ्याल अशी दुसरी लेन्स, या तिन्हींची बेरीज दोन्ही बाजूला मांडा. बऱ्याचदा स्वस्त वाटणारा कॅमेरा या बेरजेत महाग पडतो. सोनीचा ई माउंट (लेन्स बसवायची कडी) २०१० पासून चालू आहे, त्यामुळे नव्या-जुन्या, सिग्मा-टॅमरॉनच्या लेन्स ढिगाने. कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड दोन्ही २०१८ चे. कॅननने एपीएस-सीसाठी सिग्मा आणि टॅमरॉनला ऑटोफोकसवाल्या लेन्स काढू दिल्या त्याच मुळी २०२४ मध्ये, म्हणजे त्याआधीचा एखादा रिव्ह्यू वाचून 'कॅननला लेन्सच नाहीत' असं ठरवू नका, चित्र बदललंय. घरात कुणाचा जुना कॅनन डीएसएलआर पडलाय का तेही बघा, त्याच्या ईएफ आणि ईएफ-एस लेन्स अडॅप्टरने आरएफवर मस्त चालतात. जुन्या मिररलेसच्या ईएफ-एम लेन्स मात्र नाही चालत, नाव सारखं बघून सेकंडहँड उचलू नका.

अजून एक. बॉडीत स्टॅबिलायझेशन नसेल तर ते लेन्समध्ये आहे का बघा. वरच्या दोन्ही किट लेन्समध्ये आहे. पण सिग्माची ३० एफ/१.४ सारखी लाडकी प्राइम घेतलीत तर तिच्यात नाही, फोटोला चालून जातं, हातात धरून व्हिडिओ काढलात की थरथर दिसते. आणि स्टॅबिलायझेशन तुमच्या हाताची थरथर थांबवतं, पळणारं पोरगं नाही थांबवत, त्याला शटर स्पीडच वाढवावा लागतो.

एवढं कागदावर झालं की दुकानात जा, दोन्ही हातात घ्या. स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड खिशात ठेवा आणि विचारून दोन्ही कॅमेऱ्यांत आळीपाळीने घाला. एकाच जागी उभं राहून तीच फ्रेम, तोच अपर्चर (लेन्सच्या छिद्राचा एफ-आकडा), शटर, आयएसओ ठेवून काढा, ऑटोवर काढलंत तर तुम्ही कॅमेऱ्यांची नाही त्यांच्या ऑटोच्या मूडची तुलना करताय. बरोबर गेलेल्या माणसाला लांबून तुमच्याकडे चालत यायला सांगा आणि फोकस डोळ्यावर टिकतोय का बघा, मध्येच त्याला तोंड फिरवायला लावा. व्हिडिओ चालू करून एखाद्या उभ्या खांबावरून कॅमेरा पटकन फिरवा, खांब किती वाकडा होतो ते बघा. चष्मा असेल तर तो लावूनच व्ह्यूफाइंडरमध्ये बघा, चारही कोपरे दिसतात का.

आणि हे नक्की करा: व्ह्यूफाइंडर किंवा स्क्रीनवरून डोळा न हलवता आयएसओ बदलून दाखवा, स्वतःलाच. मग एक्सपोजर कमी-जास्त करा. नवीन कॅमेरा आहे म्हणून पहिल्यांदा अडखळाल, पण तिसऱ्या-चौथ्या वेळीही बटण शोधावं लागत असेल तर तो कॅमेरा तुमच्या हातासाठी नाही. माझ्या मते हा अख्ख्या दुकानातला सगळ्यात खरा टेस्ट आहे. करंगळी ग्रिपखाली लटकतेय का तेही बघा, लहान कॅमेऱ्यांत हमखास लटकते, काहींना त्याचं काहीच वाटत नाही, मला अर्ध्या तासात मनगट दुखतं.

दुकानाच्या स्क्रीनवर फोटो बघून निर्णय घेऊ नका, सगळ्यांच्या स्क्रीन वेगळ्या आणि सगळेच फोटो तिथे झकास दिसतात. कार्ड घरी आणा, एकाच लॅपटॉपवर दोन्ही उघडा, आणि १०० टक्के झूम करण्याआधी आख्खा फोटो स्क्रीनभर बघा. तेवढ्यावर कुठला कुठल्याचा हे ओळखता येत नसेल, आणि बहुतेक येणार नाही, तर इमेज क्वालिटीचा वाद तिथेच संपला.

कार्डाचंही आताच सांगून ठेवतो. व्ही३० लिहिलेलं कार्ड सेकंदाला कमीत कमी ३० मेगाबाइट लिहितं, या रेंजच्या ४के ला ते पुरतं. झेडव्ही-ई१० चं ४के जास्तीत जास्त १०० मेगाबिटचं, म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट, तासाला ४५ जीबी. ६४ जीबीच्या कार्डात सव्वा तासाच्या वर थोडं, एवढंच मावेल.

घेतल्यावर बॉक्स कपाटात ठेवून देऊ नका, बदलून मिळायची मुदत असते तेवढ्यातच तपासून घ्या. लेन्सला कॅप लावून दहा सेकंदाचा एक फोटो काढा, काळ्या फ्रेममध्ये रंगीत ठिपके किती चमकतात बघा, एखाद-दुसरा चालतो. पांढऱ्या भिंतीचा एफ/१६ ला फोटो काढा, धूळ असेल तर करडे डाग दिसतील. मग विटांच्या भिंतीसमोर अगदी सरळ उभं राहून, अपर्चर पूर्ण उघडून एक, आणि चारही कोपरे मोठे करून बघा. चारही सारखेच मऊ असतील तर किट लेन्स आहे, चालायचंच. एकच बाजू धूसर असेल तर परत एकदा, यावेळी तिपाईवर ठेवून काढा, आणि तरी तसंच आलं तर बिल घेऊन सरळ दुकान गाठा.