कुत्र्याला ग्रीक नाव ठेवताय? आधी धुऱ्यावरून (शेताच्या बांधावरून) हाक मारून पाहा

ग्रीक पुराणातली नावं वाचायला छान वाटतात, पण वावरात हाक मारताना जीभ अडखळते आणि आठवड्याभरात कुत्रा पुन्हा ‘मोत्या’ होतो.

१. दोन अक्षरी, शेवटी लांबवता येईल असं नाव घ्या: हेरा, एको, लेटो. ‘आर्टेमिस’, ‘पर्सेफनी’ हाकेत तुटतात. ‘झ्यूस’चा गावात हमखास ‘ज्यूस’ होतो. ‘रिया’ चांगलं, पण शेजारी त्या नावाची पोरगी असेल तर सोडून द्या.

२. ‘बस’, ‘ये’, ‘थांब’, ‘सोड’ या हुकमांशी जुळणारं नाव नको, कुत्रा गोंधळतो.

३. घरातल्या म्हाताऱ्या माणसाकडून नाव म्हणवून घ्या. आजीच्या तोंडात बसलं तरच टिकेल.

४. मग धुऱ्यावर उभं राहून मोठ्यानं हाक मारा. कोठ्यापर्यंत (गोठ्यापर्यंत) शेवटचं अक्षर स्पष्ट पोचलं पाहिजे.

राखणीच्या कुत्र्याला माझ्या मते ‘आर्गोस’हून चांगलं नाव नाही. ग्रीक कथेतला राजा ओडिसिअस वीस वर्षांनी भिकाऱ्याच्या वेषात घरी आला, तेव्हा त्याच्या या म्हाताऱ्या कुत्र्यानं त्याला लगेच ओळखलं. हाकेला ‘आर्गो’ पुरे. शेळीला ‘अमाल्थिया’ ठेवा, हाक ‘अमा’. पुराणात देवांचा राजा झ्यूस बाळपणी याच नावाच्या शेळीच्या दुधावर वाढला.

नाव ठरलं की दिवसातून आठ-दहा वेळा, पण दर वेळी एकदाच हाक मारायची आणि कुत्र्यानं पाहताक्षणी भाकरीचा तुकडा द्यायचा. घरातल्या सगळ्यांनी एकच हाक वापरावी.

रागावताना मात्र नाव घेऊ नका. मार आणि नाव एकत्र आलं, की हाक ऐकून जनावर जवळ यायच्या ऐवजी दूर पळतं.