सायटोस्केलेटन पहिल्यांदा वाचताय? 'सांगाडा' हा शब्द आधी विसरा

बीएस्सीला नवीन आलेल्यांसाठी लिहितोय, खास करून दहावीपर्यंत मराठी मीडियमवाल्यांसाठी. मी पण तसाच, रत्नागिरीतला. सायटोस्केलेटन म्हणजे पेशीचा सांगाडा असं डोक्यात बसवलं आणि तिथेच फसलो. वायव्हाला सरांनी विचारलं, पेशी डिव्हाइड होताना हा सांगाडा कुठे जातो? मी म्हटलं, कुठे जाणार सर, तिथेच असतो की. सर हसले आणि पुढच्याला बोलावलं.

मी नुसते सायटोस्केलेटनमधल्या तीन प्रकारच्या प्रोटीन धाग्यांच्या जाडीचे आकडे पाठ केले होते, अॅक्टिन ७ नॅनोमीटर, इंटरमीडिएट फिलामेंट १०, मायक्रोट्युब्यूल २५, संपलं. इंटरमीडिएटचं एकवेळ ठीक, केसांतलं नखांतलं केराटिन त्यातलंच, टिकाऊ काम. पण मायक्रोट्युब्यूल म्हणजे लग्नाचा मांडव हो! ट्युब्युलिन नावाच्या प्रोटीनचे तुकडे जोडत नळी वाढते, टोकाकडच्या तुकड्यांतला जीटीपी (ऊर्जा देणारा रेणू) तुटून जीडीपी झाला की भराभर सुटत जाते. डिव्हिजनच्या वेळी जुना मांडव सोडून त्याच सामानातून स्पिंडल (क्रोमोसोम दोन बाजूंना ओढणारी नळ्यांची रचना) उभं राहतं. एवढंच उत्तर होतं.

पावसात आमच्या गडग्यावर (दगडी कुंपणावर) कळलावी फुलते, लाल-पिवळी. आजी हात लावू देत नाही, घरात आणलीस तर भांडणं लागतील म्हणते. भांडणाचं सोडा, पण विषारी आहे हे खरं (कंद खाऊन माणसं दगावलीत, प्रयोग नको), तिच्यात कोल्चिसिन असतं, ते ट्युब्युलिनला चिकटतं आणि नळी वाढूच देत नाही. मग स्पिंडल नाही, पेशी मेटाफेजला (क्रोमोसोम मधोमध रांगेत येतात त्या टप्प्याला) अडकते, म्हणून तर क्रोमोसोम मोजायच्या स्लाइडसाठी ते वापरतात.

अॅक्टिनवर जास्त लिहीत नाही, मसलचा चॅप्टर नीट वाचा, अर्धं तिथेच येतं.

मोटर प्रोटीन (पेशीत माल वाहणारी प्रोटीन) मात्र म्हाकुलामुळे, म्हणजे स्क्विडमुळे समजली. १९८५ साली कायनेसिन सापडलं ते म्हाकुलाच्या जाड नर्व्हवर काम करताना, त्यातला एक धागा जवळपास मिलिमीटरभर जाड असतो. कायनेसिन मायक्रोट्युब्यूलच्या नळीवरून ८-८ नॅनोमीटरची पावलं टाकत माल नेतं, पावलाला एक एटीपी (पेशीचं इंधन). ते बहुतेक नळीच्या प्लस टोकाकडे (जे भराभर वाढतं), डायनिन हे दुसरं मोटर प्रोटीन मायनसकडे, म्हणून डायग्राम काढताना आधी प्लस-मायनस लिहा, मग बाकीचं. हे वाचल्यावर मिरकरवाड्याहून आणलेलं म्हाकूल उभं चिरून बसलो, आतल्या बाजूला पांढरट तारा पंख्यासारख्या पसरलेल्या दिसल्या, त्यातली जाड कुठली ते शोधतोय तोवर आतून आई ओरडली, "मेल्या, वाटण करपलं, म्हाकुलं देतोस काय?"