वाचून शिकणारा प्रोग्राम: सुरुवात बारा नावांपासून

वेबवरचा मजकूर वाचून कॉम्प्युटरने नद्या ओळखायला शिकावं, यासाठी सुरुवातीला दहा-बारा नावं पुरतात. नाईल, गंगा, डॅन्यूब, थेम्स अशी. ॲमेझॉन मात्र या यादीत नको. ती कंपनीही आहे, त्यामुळे पहिल्याच फेरीत नद्यांच्या रांगेत दुकानं येऊन बसतात.

मजकूर कॉमन क्रॉल या वेबपानांच्या खुल्या साठ्यातल्या डब्ल्यूईटी फायलींतून घ्या. त्यात एचटीएमएल, म्हणजे पानाच्या मांडणीच्या खुणा, काढून नुसता मजकूर ठेवलेला असतो. वाक्यं पाडा आणि हुबेहूब सारखी वाक्यं गाळा. पुढची सगळी मोजणी वेगवेगळ्या साइट्सची करा, पानांची नको; एकच बातमी कितीतरी ठिकाणी जशीच्या तशी चिकटवलेली असते.

मग मजकुराचं युनिकोडमधलं एनएफसी रूप करा, म्हणजे वेगवेगळ्या कोडने लिहिलेली तीच अक्षरं शक्य तिथे एकसारखी होतात. तेवढ्यावर भागत नाही. ‘ॲ’ एका कोडनेही लिहितात आणि ‘अ’वर चंद्र देऊन दोन कोडनेही. एनएफसी ही दोन्ही एक करत नाही, ती हाताने जुळवावी लागतात. खरी कटकट सामान्यरूपांची आहे: ‘गंगेच्या’मधला ‘च्या’ कापला की ‘गंगे’ उरतं आणि प्रोग्राम ती नवी नदी धरतो. म्हणून मूळ शब्दापर्यंत नेणारा तक्ता आधी तयार ठेवा.

आता प्रत्येक नावाच्या दोन्ही बाजूंचे दोन ते चार शब्द उचला. ‘—ला पूर आला’, ‘—च्या काठी वसलेले’, ‘—चा उगम’ असे साचे मिळतील. किमान तीन वेगळ्या नावांसोबत न आलेला साचा टाकून द्या. उरलेल्या साच्यांत बसणारी नवी नावं नद्या धरा आणि त्यांच्यावरून पुन्हा साचे शोधा; ही झाली एक फेरी.

‘उगम’ दिसतो निरागस. पण भाषेचाही उगम असतो आणि नाटकाचाही. ‘नाटक’ एकदा नदी ठरलं की पुढच्या फेरीत ‘—चा प्रयोग’ हा नदीचा साचा होतो, आणि मग आवरणं कठीण. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘नेल’ या २०१० साली सुरू झालेल्या, असाच वेब वाचून शिकणाऱ्या प्रोग्रामने इंटरनेट कुकीज (वेबसाइट ब्राउझरमध्ये ठेवतात त्या छोट्या नोंदी) बेकरीच्या पदार्थांत घातल्या होत्या. ‘कुकीज डिलीट केल्या’ या साच्यामागून फायलीही तिथेच पोचल्या.

यावर उपाय म्हणजे नदी, शहर, व्यक्ती, कला हे वर्ग एकाच वेळी शिकवणं. दुसऱ्या वर्गातली नावं ओढणाऱ्या साच्याचे गुण कापा. एका फेरीत दहाच नवी नावं घ्या, तीही दोन वेगळ्या साच्यांनी दिलेली असतील तरच. हावरेपणा इथेच नडतो.

दर पाच फेऱ्यांनी पन्नास नावं माणसाने तपासावीत. पाचाहून जास्त चुकीची निघाली तर मागे जा. त्यासाठी प्रत्येक नावाशेजारी साचा, वाक्य आणि फेरीचा आकडा पहिल्या दिवसापासून साठवा. नुसतं नाव खोडून उपयोग नाही. ते आणणारा साचा आणि त्या साच्याने आणलेलं सगळंच काढावं लागतं.