माजी सैनिकांसोबत स्मारकाला जाताना

१६ डिसेंबरला, विजय दिवशी, गावातल्या १९७१च्या जवानांना साताऱ्याहून पुण्याच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकाला नेणार असाल तर एक गोष्ट नक्की करा: एका आजोबांमागे एक सोबती. दोघांना एक माणूस पुरत नाही.

आदल्या दिवशी घरी जाऊन भेटा. गोळ्यांच्या वेळा सूनबाईंकडून लिहून घ्या, ईसीएचएसचं (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं) कार्ड आणि कानाच्या मशीनचे जादा सेल पिशवीत टाका. लघवीची गोळी चालू असेल तर प्रवासात ती कधी घ्यायची, हे डॉक्टरांना विचारा. काहीजण गाडी थांबवायला लागू नये म्हणून पाणीच पीत नाहीत. म्हणून तुम्हीच दर तासाला गाडी थांबवा, त्यांना सांगायची वेळ आणू नका.

पदकं त्यांची त्यांना लावू द्या. थंडीत बोटं वळत नाहीत, पिन निसटते. तुम्ही फक्त कोटाचं कापड ताणून धरा.

खरी कसोटी मानवंदनेची. बिगुल वाजला की सुभेदारसाहेब खुर्चीत बसून राहणार नाहीत. ‘आबा, बसा’ म्हणू नका. अधू पायाच्या बाजूला, अर्धं पाऊल मागे उभं राहून कोपराखाली तळहात ठेवा. सॅल्यूटचा उजवा हात मात्र मोकळा हवा.

नंतर ते एखाद्या नावावर बोट ठेवून थांबतील. तेव्हा प्रश्न नकोत, फोटोही नको. परतताना शिरवळला चहा घेताना बहुतेक आपणहून बोलायला लागतात.