पिंगळ्याचं पिल्लू खाली पडलेलं दिसलं तर काय करायचं

मार्च-एप्रिल लागला की सोलापुरात कोणाचातरी फोन येतोच, अंगणात घुबडाचं पिल्लू पडलंय काय करू. बहुतेक वेळा तो आपला पिंगळा असतो, मोठा झाला तरी वीतभरच, लिंबाच्या ढोलीत नाहीतर जुन्या वाड्याच्या भिंतीतल्या भोकात राहणारा. पेरूमधल्या ढगात बुडालेल्या डोंगरी जंगलात याच्याहून लहान एक मिशाळ घुबड आहे, ते पहिल्यांदा १९७६ ला जाळ्यात सापडलं आणि रानात मोकळं दिसायला २००७ उजाडलं. आपला पिंगळा तर दारातच राहतो, मग त्याची काळजी आपणच घ्यायची ना.

लगेच उचलून घरात नेऊ नका. आधी मांजर-कुत्री हाकला, कावळ्यांवर लक्ष ठेवा आणि मग पिल्लू नीट बघा. तपकिरी पिसं आली असतील आणि चोच टकटक वाजवून तुम्हालाच भीती दाखवत असेल तर ते धडधाकट आहे, जुना टॉवेल टाकून अलगद धरा (नख्या लई लागतात) आणि जवळच्या उंच फांदीवर ठेवा. माणसाचा हात लागला की आईबाप टाकून देतात हे साफ खोटं आहे.

नुसती पांढरी लव असेल तर परत ढोलीतच ठेवायचं. हात पोचत नसेल तर तळाला भोकं असलेली टोपली घ्या, आत वाळकं गवत घाला आणि ढोलीच्या जवळ सावलीच्या बाजूला घट्ट बांधा, इथल्या उन्हात दुपारी पिल्लू टिकत नाही. मागच्या वर्षी आमच्या गल्लीत असंच केलं, सगळ्या पोरांना लांब कट्ट्यावर बसवलं, पावणेसातला चिर्रर्र चिर्रर्र ऐकू आलं आणि आईबापातलं एकजण टोपलीच्या काठावर उतरलं, चोचीत पाल, तिची शेपूट अजून हलत होती.

दूध, पाव, भात काही देऊ नका, ड्रॉपरनं पाणीपण नाही, श्वासनळीत गेलं तर जीव जातो. पंख लोंबत असेल किंवा मांजराचा दात लागला असेल तर जखम बारीक दिसली तरी थांबू नका, इन्फेक्शन झपाट्यानं पसरतं. भोकं पाडलेल्या बुटाच्या खोक्यात सुती कापडावर ठेवा, अंधारात, शांत जागी, आणि वनविभागाच्या १९२६ वर फोन करा. पाळायचा तर विचारच नको, १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं तो गुन्हा आहे.

फोटो स्टेटसला ठेवलात तरी झाड कुठलं ते सांगू नका, अमावस्येसाठी घुबडं शोधत फिरणारे लोक अजून आहेत.