पोट उतरायला धावणं लागतंच का? माझा अनुभव
पाच महिने रोज पहाटे बेळगावात टिळकवाडीच्या व्हॅक्सिन डेपोच्या मैदानात 40 मिनिटं धावलो. कंबर 98 सेंटिमीटरवरून हलेना. क्रंचेस केले, घामाचा पट्टा बांधला. पट्ट्याने फक्त पाणी जातं. फार वैतागलो होतो.

काम झालं ते असं. आधी सात दिवस खाल्लेलं सगळं वहीत लिहिलं. धावून आल्यावर वाढीव पोहे, चार कप गोड चहा, रात्री डब्यातला कुंदा (दुधाची मिठाई) चमच्या-चमच्याने. जळलेलं तिथेच भरून निघत होतं. मग चहातली साखर बंद, कुंदा फक्त रविवारी, भात एक वाटी, दोन्ही जेवणांत उसळ किंवा अंडी. त्यानंतर आठवड्यातून तीन दिवस जोर, बैठका आणि डंबेल, म्हणजे वजन उतरताना स्नायू टिकतात. धावणं थांबवलं, जेवणानंतरचं चालणं ठेवलं. दर रविवारी उपाशीपोटी, श्वास सोडून, बेंबीवर शिंप्याची टेप.

14 आठवड्यांत कंबर 90. धावणं हृदयाला चांगलंच, आता आवडीने पुन्हा सुरू केलंय. पण चरबी उतरते ती खर्चापेक्षा कमी खाल्ल्याने, आणि कुठून उतरायची हे आपल्या हातात नसतं. माझी आधी चेहऱ्यावरून गेली, पोटाची सगळ्यात शेवटी.