गरोदरपणातल्या लसी: आधी जुनं कार्ड शोधा

जुनं कार्ड काढा. आत्ताचं नव्हे, मागच्या बाळंतपणाचं माता-बाल संरक्षण कार्ड. माझं सासरी इचलकरंजीला कपाटात राहिलं आणि मी कोल्हापुरात माहेरी, नर्सबाईंसमोर "दोन घेतल्यात वाटतं" म्हणत उभी. 'वाटतं'वर सुई ठरत नाही. मागच्या खेपेला टीडीचे, म्हणजे धनुर्वात-घटसर्पाच्या लसीचे, दोन डोस झाले असतील आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा दिवस गेले असतील, तर एक बूस्टर पुरतो. नोंद नसली की पुन्हा दोन, चार आठवड्यांच्या अंतराने. जादा डोसानं बाळाला काही होत नाही, दंड आपला दुखतो. म्हणून कार्ड. दोन्ही बाजूंचा फोटो नवऱ्याच्या मोबाईलमध्येही ठेवा.

खाऊन जा, बाही सैल असू दे.

"पोटुशीला सुया कशाला?" असं घरात कुणीतरी म्हणणारच. टीडीत आणि फ्लूच्या इंजेक्शनात जिवंत जंतू नसतात, त्यामुळे त्यांच्यापासून बाळाला लागण होत नाही. उलट आईच्या अंगात तयार झालेली प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात. डांग्या खोकल्याची लस, टीडॅप, 27 ते 36 आठवड्यांत द्यायची ती यासाठीच: बाळाची स्वतःची लस दीड महिन्यानंतर सुरू होते आणि हा खोकला तान्ह्याचा जीव घेऊ शकतो. सरकारी यादीत टीडॅप नाही, विकत घ्यावी लागते. तेव्हा डॉक्टरांना आपणच विचारायचं. दर गरोदरपणात नव्यानं, बरं का. आणि घेतली की कार्डावर लिहून घ्या, खासगीत घेतली तरी! तिथंच नोंदी हरवतात.

फ्लूचं इंजेक्शन कोल्हापूरचा पाऊस लागायच्या आधी विचारून ठेवा. एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) आणि कांजिण्यांची लस मात्र गरोदरपणात नाही, त्या जिवंत जंतूंच्या. दिवस जाण्याआधी निदान महिनाभर घ्यायच्या. चुकून घेतली गेली तर घाबरून भलतं काही करू नका, डॉक्टरांना सांगा. कुत्रं चावलं तर रेबीजची लस लगेच, गरोदर आहे म्हणून थांबायचं नाही.

आधी कुठल्या लसीची ॲलर्जी आली असेल तर सुईआधी सांगा. नंतर अर्धा तास तिथंच बसा. ताप आला तर गोळी विचारून.

प्रसूतीच्या बॅगेत कार्ड. जुनं आणि नवं, दोन्ही. जन्मल्यावर बीसीजी, पोलिओ, आणि 24 तासांत कावीळ 'ब'. बाकीचं आशाताई सांगतील.